किल्ली कोणाजवळ?

गेल्या दिवाळीत आमचा पुतण्या चार दिवसांची रजा काढून घरी आला, तो आल्यापासून काहीसा उदासच दिसत होता. आमचे कुटुंब एकत्र. लहानथोर मिळून चौदा माणसे. अशा घरात एखादा गप्प बसला तर ते ध्यानात येण्यास एखादा दिवस जातोच. परंतु चकलीची दुसरी बशी त्याने न खाता परत पाठविली, तेव्हा माझ्या भावजयीस शंका आली आणि भाऊबिजेच्या दुपारी तिने त्यास माझ्याकडे झोपाळ्यावर पाठवून दिले. मी निवृत्त शाळामास्तर. घरातील ज्या प्रश्नांना वैद्याचा किंवा वकिलाचा उपयोग नसतो, ते प्रश्न माझ्याकडे येतात.

पुतण्या एका जलविद्युत्केंद्रात नोकरीस आहे. त्यास बावीस वर्षे झाली. "काका, तिथे आता आम्हांला चोर समजतात," तो म्हणाला आणि मग हळूहळू सर्व हकीकत बाहेर आली. गतवर्षापासून तेथे नवी व्यवस्था सुरू झाली आहे. फाटकाशी पिशवी आणि जेवणाचा डबा उघडून दाखवावा लागतो. मोबाईल दाराशीच ठेवावा लागतो. यंत्रे चालविण्याच्या मुख्य खोलीत एकट्याने जावयाचे नाही. बरोबर दुसरा माणूस हवाच, आणि दोघांनी वहीत सही करावयाची. शिवाय इतक्या वर्षांनी पोलिसांकडून चारित्र्याची चौकशी पुन्हा नव्याने. "बावीस वर्षांत माझ्या हातून तिथला एक खिळा बाहेर गेला नाही, आणि आता परवा लागलेला पोरगा माझ्या डब्यातली पोळी उलटून पाहतो!"

माझे थोरले बंधू आत बसून ऐकत होते, ते संतापून बाहेर आले. "अरे, जिथे आपल्यावर विश्वास नाही तिथले पाणीसुद्धा पिऊ नये," असे त्यांनी सांगून टाकले. भावजयीने डोळ्यांस पदर लावला. मीही मान डोलावली. परंतु त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण मान डोलावत असतानाच मला एका पितळी किल्लीची आठवण झाली होती. तिची हकीकत मी तीस वर्षांहून अधिक काळ कोणास सांगितली नव्हती. ती येथे सांगणारच आहे. तथापि आधी पुतण्याच्या गाऱ्हाण्याचा विचार करू.

त्याच्या खात्यात या विषयावर व्याख्याने होतात आणि टिपणे वाटली जातात. ती त्याने मला पाठवून दिली. माझे इंग्रजी मॅट्रिकपुरते. पुढची वर्षे पाठशाळेत गेली. तेव्हा नातीने शेजारी बसून अर्थ सांगितला. वाचता वाचता माझ्या ध्यानात आले, की ज्यास आज मोठ्या नावाने 'अंतर्गत धोका' म्हणतात, त्याकरिता आमच्या भाषेस शब्द शोधीत बसावे लागत नाही. फितूर, घरभेद्या, अस्तनीतील निखारा, कुंपणाने शेत खाणे: ज्या गोष्टीस एखाद्या भाषेत इतकी नावे असतात, ती गोष्ट त्या लोकांनी पुष्कळ भोगलेली असते.

वीज, पाणी, आगगाडी, विमान, अणुशक्ती ही आजच्या राष्ट्राची मर्मस्थाने. त्यांच्याभोवती भिंती असतात, तारा असतात, बंदूकधारी पहारेकरी असतात; आणि या सर्वांची तोंडे बाहेरच्या बाजूस असतात. आत जो माणूस आहे त्यास भिंत ओलांडावी लागत नाही. कोणती कळ कोठे आहे, पहारा केव्हा बदलतो आणि कोणत्या घंटेकडे कोणी लक्ष देत नाही, हे सर्व त्यास पाठ असते.

ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड प्रांतात मरूची नावाचा समुद्रकाठचा रम्य भाग आहे. तेथील नगरपालिकेने सांडपाणी वाहून नेणारे पंप दुरून, बिनतारी संदेशाने चालविण्याची व्यवस्था केली. अशी पंपघरे १४२. इ. स. २०००च्या आरंभी या पंपांस जणू पिशाच्चबाधा झाली. मध्येच पंप बंद पडावा, धोक्याची सूचना यावयाची ती येऊ नये, संदेश भलतीकडे जावेत. अभियंत्यांनी यंत्रे तपासली, संगणकातील सूचनावली पुन्हा नव्याने भरली, दोष सापडेना. तोवर सुमारे आठ लक्ष लिटर मैला उद्यानांत, ओढ्यात आणि एका मोठ्या हॉटेलच्या आवारात पसरला. ओढ्याचे पाणी काळे पडले, त्यातील जीव मेले, आणि काठच्या रहिवाशांस दुर्गंधीने घरात बसवेना. अखेर एप्रिलमध्ये एक मोटार अडविण्यात आली. तीत लॅपटॉप आणि बिनतारी यंत्र सापडले. मोटारीतील मनुष्य कोण? ज्या कंत्राटदार कंपनीने ही सर्व व्यवस्था बसविली, तिचाच पूर्वीचा तंत्रज्ञ! कंपनी सोडल्यावर त्याने नगरपालिकेकडे नोकरी मागितली होती. ती मिळाली नाही. नोकरी नाकारताना तिच्या पंपांची विद्या त्याच्याजवळ तशीच शिल्लक आहे, याचा विचार कोणीच केला नव्हता. त्यास पुढील वर्षी दोन वर्षांच्या कारावासाची शिक्षा झाली.

हे वाचून मी फळीवरून कौटिल्याचे अर्थशास्त्र खाली काढले. हा ग्रंथ शतकानुशतके लुप्त होता. म्हैसूरच्या शामशास्त्र्यांनी तो १९०९ साली छापून प्रसिद्ध केला, आणि पुढे मुंबई विद्यापीठाने कंगले यांची चिकित्सक आवृत्ती काढली. पहिल्याच अधिकरणात, शत्रू आपल्या राज्यातील कोणत्या माणसांना फोडू शकेल याचा विचार आहे. तेथे चार वर्ग सांगितले आहेत: क्रुद्ध, लुब्ध, भीत आणि मानी. लुब्धाविषयी मी काय लिहावे? त्यास सर्वजण ओळखतात, आणि पहारेही बहुधा त्याच्यासाठीच बसविलेले असतात. परंतु क्रुद्धवर्गात आचार्यांनी कोणाकोणास घातले आहे ते पाहण्यासारखे आहे. ज्यास देतो म्हणून सांगितले आणि दिले नाही, तो. सारख्याच कौशल्याच्या दोघांपैकी ज्याचा अवमान झाला, तो. वरिष्ठांच्या मर्जीतील माणसाने ज्याची वाट अडविली, तो. खर्च करूनही ज्याचे काम झाले नाही, तो. वाचकहो, ही यादी दोन हजार वर्षांपूर्वीच्या राजवाड्यातील आहे की आपापल्या कचेरीतील, हे आपणच ठरवावे.

भीतवर्गाचे उदाहरण याहून दारुण आहे. अमेरिकेतील २००१ सालच्या हल्ल्यानंतर जगभर विमानांतील चालकांच्या खोलीचे दार भक्कम करण्यात आले; बाहेरच्यास ते फोडता येऊ नये अशी योजना झाली. २४ मार्च २०१५ रोजी बार्सेलोनाहून ड्युसेलडॉर्फकडे जाणाऱ्या जर्मनविंग्ज कंपनीच्या विमानात मुख्य वैमानिक क्षणभर बाहेर गेला आणि साहाय्यक वैमानिकाने ते दार आतून बंद केले. दार उत्तम होते. ते उघडले नाही. विमान आल्प्स पर्वतावर आपटले आणि त्यातील सर्व १५० माणसे मेली. साहाय्यक वैमानिक मनाने आजारी होता; डॉक्टरांनी त्यास कामावर जाऊ नये म्हणून लिहून दिले होते, पण ते त्याने मालकांस कळविले नव्हते. विमान चालविण्याचा अधिकार जाईल याची बहुधा त्यास भीती होती, असे तपास करणाऱ्यांनी म्हटले आहे. ज्या दाराने परक्यास बाहेर ठेवावयाचे, त्याच दाराने वरिष्ठासही बाहेर ठेवले.

आमच्या जवळचेही एक उदाहरण आहे. गोव्याच्या सीमेपासून फार दूर नाही अशा कारवारकडील कैगा येथे अणुवीजकेंद्र आहे. तेथे नोव्हेंबर २००९ मध्ये कामगारांच्या नेहमीच्या मूत्रतपासणीत ट्रिटियम या किरणोत्सारी द्रव्याचे प्रमाण वाढलेले आढळले. एकाच्या नव्हे, पन्नासाहून अधिक माणसांच्या. शोध घेता असे दिसले की पिण्याच्या थंड पाण्याच्या यंत्रात कोणीतरी ट्रिटियमयुक्त जड पाणी मिसळले होते. सुदैवाने कोणाच्या जिवावर बेतले नाही. हे कोणीतरी हेतुपुरस्सर केलेले कृत्य आहे, असे अणुऊर्जा आयोगाचे तत्कालीन अध्यक्ष डॉ. अनिल काकोडकर यांनी त्या वेळी सांगितले. ज्या भांड्यातून सर्वांनी पाणी प्यावयाचे त्याच भांड्यात! हजार यंत्रांपेक्षा त्या पाण्याच्या यंत्राचा विचार माझ्या मनात अधिक दिवस राहिला. आणि विशेष हे, की ते उघडकीस कशाने आले? नेहमीच्या, सर्वांना सारख्या, कंटाळवाण्या तपासणीने. संशय आला म्हणून तपासणी झाली नाही.

येथे पुतण्याच्या डब्याकडे वळावयास हवे. डबा उघडून पाहणे हा अपमान केव्हा होतो? माझ्या आजीच्या वेळी कोठीची किल्ली तिच्या कमरेस असे. परंतु कोठी उघडताना ती एकटी कधी जात नसे. पाच सुनांपैकी जी हाताशी असेल तिला बरोबर घेई, आणि तूप किती काढले, गूळ किती उरला, हे मोठ्याने म्हणे. लहानपणी मला वाटे, आजीला सुनांचा भरवसा नाही. पुढे माझ्या आईने उलगडा केला. "अरे, उद्या तूप कमी भरले तर कोणा एकीवर आळ येऊ नये म्हणून." पाच सुनांच्या घरात चाळीस वर्षांत कोठीवरून भांडण झाले नाही, ते सर्व देवता होत्या म्हणून नव्हे.

शिवछत्रपतींच्या गडांचा बंदोबस्त याच जातीचा होता. सभासदाच्या बखरीत सांगितले आहे, की गडावर हवालदार, सबनीस आणि सरनौबत हे समान दर्जाचे अधिकारी असत. कारखानीस आणखी वेगळा. हवालदार व सरनौबत मराठे, सबनीस ब्राह्मण, कारखानीस प्रभू. कोणा एकाच्या मनात आले म्हणून गड शत्रूस देता येऊ नये, ही त्यातील योजना. यामुळे कोणा हवालदारास आपला अपमान झाला असे वाटल्याचे माझ्या वाचनात नाही. कारण व्यवस्था प्रत्येक गडावर तीच होती.

युरोपात यास 'चार डोळ्यांचे तत्त्व' असे नाव आहे. बेल्जियममध्ये अँटवर्पजवळ डूल येथील अणुवीजकेंद्रात ऑगस्ट २०१४ मध्ये कोणीतरी एक व्हॉल्व्ह उघडून दिला आणि टर्बाइनच्या वंगणाचे सुमारे ६५,००० लिटर तेल वाहून गेले. टर्बाइन तापून नादुरुस्त झाली. तिची अणुभट्टी चार महिन्यांहून अधिक काळ बंद राहिली. ते कृत्य आतल्याच कोणाचे असावे, असे तपासकर्त्यांचे मत पडले, आणि चौकशीचा फेरा कामगारांवर आला. त्यानंतर तेथे काही भागांत एकट्याने वावरण्यास मनाई झाली. मला मात्र त्या तेलापेक्षा त्या कामगारांची चिंता वाटते. एक हात दोषी, आणि बाकीच्या सर्वांनी वर्षानुवर्षे एकमेकांच्या हातांकडे पाहत राहावयाचे! चार डोळ्यांचा नियम त्या व्हॉल्व्हपाशी आधीच असता, तर एका दुष्टास तो आवरता तर खराच, पण इतर निरपराध्यांना साक्षीदारही मिळाला असता.

आता ती किल्ली.

१९९१ साली मी ज्या शाळेत संस्कृत शिकवीत होतो, तेथे दहावीच्या सराव-परीक्षेच्या प्रश्नपत्रिका कचेरीतील लाकडी कपाटात ठेवीत. त्याची किल्ली माझ्या स्वाधीन. मी एकटा जबाबदार. वही नाही, सही नाही, दुसरा माणूस नाही. मुख्याध्यापक म्हणत, "शास्त्रीबुवांच्या हाती आहे, म्हणजे मला निश्चिंती." ते ऐकून मला मोठी धन्यता वाटे. त्याच कपाटात कोऱ्या उत्तरपत्रिका आणि दोरेही असत. कोणा सहकाऱ्यास ते हवे झाले की तो किल्ली मागे, आणि मी तास सोडून जाण्याऐवजी ती देत असे. विद्वान, कुलीन माणसे. त्यांना 'मी बरोबर येतो' असे म्हणावे तरी कसे? त्या आठवड्यात मी तिघांना किल्ली दिली होती.

बीजगणिताची प्रश्नपत्रिका आदल्या रात्रीच मुलांच्या हाती गेली. सकाळी मुख्याध्यापकांनी सर्वांसमक्ष विचारले, "किल्ली कोणाजवळ असते?" मी म्हणालो, "माझ्याजवळ." धर्मराजाने अश्वत्थाम्याविषयी जे उद्गार काढले, त्याच जातीचे ते उत्तर होते. 'असते' याचे उत्तर मी दिले. 'होती' याचे दिले नाही. तिघांची नावे घेतली तर तिघांवर आळ, आणि त्यातील दोघे तरी खास निर्दोष. असे मी मनाशी म्हटले. खरे पाहता, माझी निष्काळजी उघडी पडेल, हे भय त्याहून मोठे होते. कौटिल्याचा भीतवर्ग मी त्या दिवशी आरशात पाहिला असता.

माझ्यावर कोणाचा संशय नव्हता, शिक्षकांवर घेण्याचे कोणाच्या मनात आले नाही. उरला शिपाई. तो रोजंदारीवर होता आणि कचेरी झाडीत असे. एवढाच त्याच्याविरुद्ध पुरावा. आठ दिवसांनी संस्थेने त्यास उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगितले. जाताना त्याने मला नेहमीप्रमाणे नमस्कार केला.

दुसऱ्या दिवशी पुतण्या परत जावयास निघाला, तेव्हा मी हे सर्व त्यास सांगितले. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "काका, वहीत सही करावयास माझी ना नाही. दुसरा माणूस बरोबर असला तर उलट बरेच. पण साहेबांची मोटार न तपासता आत जाते. आणि माझी बढती तीनदा हुकली. का हुकली म्हणून दोनदा अर्ज केला, त्याचे उत्तर नाही. डबा उघडून पाहणारे दोन माणसे रोज दाराशी उभे असतात. माझे ऐकून घेणारा एकही नाही."

मी चपापलो. सारख्याच कौशल्याच्या दोघांपैकी ज्याचा अवमान झाला, तो! आचार्यांच्या यादीतील माणूस माझ्याच झोपाळ्यावर बसला होता, आणि तो तर आमच्या घरातील सर्वांत सरळ मुलगा. कौटिल्याने असंतुष्टांवर प्रथम साम आणि दान हेच उपाय सांगितले आहेत. दंडाचा क्रमांक शेवटी लागतो. अमात्यांची परीक्षा घेण्याकरिता त्याने खोटी आमिषे सांगितली हे खरे, आणि तो भाग मला कधीच रुचला नाही. परंतु त्याच प्रकरणात, निर्दोष मनास अशा परीक्षांनी नासवू नये, ते पाण्यात विष कालविण्यासारखे आहे, असा इशाराही त्याने दिलेला आहे. कैग्याची हकीकत ठाऊक झाल्यापासून तो दृष्टांत मला नुसता दृष्टांत वाटत नाही. ज्या खात्यास फाटकाशी यंत्रे बसविण्यास पैसा आहे, त्यास एका अर्जाचे उत्तर लिहिण्यास कागद मिळू नये काय? तो कागदही बंदोबस्ताचाच भाग होय. मी पुतण्याला म्हटले, "राजीनामा देऊ नकोस. तिसरा अर्ज कर, आणि त्यात साहेबांच्या मोटारीचेही लिही." तो अर्ज मीच बसून लिहून दिला. मसुदा करण्याची विद्या मास्तरास अजून विसरलेली नाही.

मार्गशीर्षात मी त्या गावी गेलो. शिपाई तीन वर्षांपूर्वीच वारला होता. त्याचा मुलगा एस. टी. स्थानकासमोर मोटारसायकली दुरुस्त करतो. मी माझी ओळख सांगितली आणि उभ्या उभ्याच सर्व काही बोलून टाकले: किल्ली त्या आठवड्यात माझ्याजवळ नव्हती, ती मी तिघांना दिली होती, आणि हे मी त्या वेळी सांगावयास हवे होते.

तो हात पुसत ऐकत होता. "बाबांना ते माहीत होते, गुरुजी," तो म्हणाला. "तुम्ही किल्ली देताना त्यांनी पाहिले होते. आई त्यांना म्हणाली, जाऊन सांगा. ते म्हणाले, गुरुजी स्वतःच सांगतील."

मग त्याने आतून एक स्टूल आणून माझ्यासाठी मांडले, आणि गिऱ्हाईक खोळंबले होते म्हणून तो पुन्हा आपल्या कामास लागला.